कालिंदीचं बीपी आणि माझा गुलाबकाढा

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७.
कालिंदीचं बीपी १६०/१००. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा आणि टेन्शन कमी करा. हे बायकोला सांगताना माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही. बहुधा घरातला जबाबदार माणूस म्हणून. तीस वर्षं हेडक्लार्क होतो, ते चेहऱ्यावर दिसतंच.
निर्णय: उद्यापासून तिला गुलाबपाकळ्यांचा घरगुती काढा. मन शांत, झोप गाढ. व्हिडिओत पाहिलंय. सगळं मी करणार, तिने फक्त आराम करायचा.

५ एप्रिल.
दादरच्या फूलबाजारातून गावठी गुलाब आणला. पाकळ्या सोडवल्या, निवडल्या, तीन पाण्यांनी धुतल्या. म्हणजे कालिंदीने. देखरेख माझी. बडीशेप, वेलची, ज्येष्ठमध मात्र मी स्वतःच्या हाताने टाकलं. ज्येष्ठमध अंमळ जास्त पडलं. म्हणाली, अहो, घशाखाली उतरत नाही हे. म्हटलं, औषध आहे, श्रीखंड नव्हे. प्यायली. मी चहा घेतला. घरात कुणीतरी जागं राहायला हवं.

८ एप्रिल, मंगळवार.
तिने काढा चहाच्या गाळणीने गाळला! अत्यंत शांतपणे समजावलं. खालच्या मजल्यावरून बकुळावहिनींनी फोन करून विचारलं, काही झालंय का. हल्लीच्या भिंती फार पातळ. बिल्डर चोर.

१३ एप्रिल, रविवार.
सोसायटीचे जुने सेक्रेटरी दौलतराव गेले, त्यांची हॉलमध्ये शोकसभा. बरा माणूस. फोटोला चार हार, चारही गावठी गुलाबाचे. शिवाय तबकभर पाकळ्या उरलेल्या. सगळं उद्या निर्माल्यात जाणार. काय ही नासाडी! पिशवी माझ्या खिशात असतेच. पाकळ्या गच्चीवर सुकत घातल्या. कालिंदीला सांगितलं, बाजारातल्या आहेत. खोटं नाही. मुळात बाजारातूनच आल्या होत्या.

१८ एप्रिल.
बीपी १६४. मशीन बिघडलंय. आमची मुलगी आरोही ठाण्याहून म्हणते, आईला थोडे दिवस इकडे पाठवा. म्हटलं, उपचार असे अर्धवट सोडायचे नसतात. फोन तिनेच ठेवला. रेंज नसेल.

२५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ८.
आज घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कालिंदीची आठवडाभर एकच विनवणी, आजच्या दिवस पन्हंच असू दे. मी पन्ह्याचं पातेलं फ्रिजमध्ये मागे सरकवलं आणि बावीस ग्लास काढा दिला. आग्रहाने.
बकुळावहिनींनी दोन घोट घेऊन विचारलं, भावजी, इतका गुलाब कुठनं मिळाला? लपवायचं काय त्यात? सांगितलं, दौलतरावांच्या हारांतला, वाया जाऊ दिला नाही.
ग्लास एकेक करून खाली आले. एक बाई बेसिनकडे धावल्या. मी खुलासा केला, की मृतदेह हॉलमध्ये आणलाच नव्हता, हार फक्त फोटोला होते. कुणी ऐकेना म्हणून जरा मोठ्याने केला. डाळ न खाताच बायका निघून गेल्या. कालिंदी गौरीसमोर बसून रडली.
आपल्या लोकांत वैज्ञानिक दृष्टी नाही.

२६ एप्रिल.
कालिंदी ठाण्याला गेली. हवापालट. परवानगी मी दिली असती, विचारायला हवं होतं.

२ मे, शुक्रवार.
आरोहीचा फोन. आईचं बीपी १२८/८०, दुपारी दोन तास झोपते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय बदललं? मी म्हटलं, काढा. मुरायला वेळ लागतो. आरोही मग म्हणाली, बाबा, आई आता इथेच राहायचं म्हणते.
किती दिवस, हे विचारायचं राहून गेलं. पुन्हा लावला तर कुणी उचलत नाही.

संध्याकाळी ६.
करमत नाही. समजावण्यासारखं घरात कुणीच नाही. स्वतःसाठी काढा केला. आज पहिल्यांदाच चव घेतली. एक घोट घेतला आणि उरलेला बेसिनमध्ये ओतला.
इतका घाणेरडा लागतो, तर बाईने एकदा तरी सांगायला नको? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.