कपाट वर, मेव्हणा खाली

तीर्थरूप भावोजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी एकच अंग जमिनीला टेकवता येण्यासारखं आहे आणि त्याच्यावर बसूनच हे पत्र लिहितो आहे. बाकीची अंगं तुमच्या पायांशी पोचली असं समजून घ्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? खडूच्या धुळीने येणारा खोकला? ताईला सांगा की मी वेळेवर जेवतो आणि वेळेवर झोपतो. (दोन्ही एकाच दिवशी जमेल असं नाही, पण एवढं तिला सांगायची गरज नाही.)

तर भावोजी, तुमच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात की, भौतिकशास्त्र आणि हा मुलगा या दोन समांतर रेषा आहेत, कितीही वाढवा, भेटायच्या नाहीत. आज कळवायला आनंद होतो की भेट झाली. चांगली कडकडून झाली. माझ्या कमरेला तिचे वळ आहेत.

सध्या मी घरसामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्या काकांबरोबर असतो. (बेकरी सोडली. ताईला वाटेल हाकलला. तसं नाही. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते हे तुम्हीच शिकवलंत. तिथे गरम वस्तू म्हणजे पावाचा ट्रे आणि थंड वस्तू म्हणजे माझे तळहात. आधी मी ट्रे सोडला, मग बेकरी. त्याच्या आधीची नाव वल्हवण्याची नोकरी का सुटली तो विषय तरंगण्याच्या नियमाखाली येतो, म्हणून इथे घेत नाही.) आजची वर्दी एका नर्सबाईंची. उभा जन्म दवाखान्यात लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात गेला, आता निवृत्त आहेत. आवाज असा, की त्यांनी ‘श्वास घ्या’ म्हटलं की रस्त्यावरची माणसंसुद्धा घेतात. इतके दिवस मुलाकडे राहायच्या. मुलगा वाईट नाही हो. काळजी करणारा माणूस जेवढा छळतो तेवढाच छळतो. आईने पंखा लावला की हा बंद करणार, आई जिना उतरली की हा मागून ‘हळू, हळू’ करणार. शेवटी बाईंनी जाहीर केलं की मी माझी वेगळी खोली घेते, आणि घेतलीही. दुसऱ्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान, खिडकी थेट जमिनीपर्यंत उघडणारी, दाराएवढी.

मुलाने अडवलं नाही, पण अट घातली. बाईंचं एक लाकडी कपाट आहे, लग्नाआधी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. त्याच्याशिवाय त्या कुठे राहणार नाहीत हे याला पक्कं ठाऊक. आणि नव्या घराचा जिना हा आधीच गुपचूप पाहून आलेला. म्हणाला, ‘‘कपाट वर चढलं तर तू खुशाल राहा. संध्याकाळी कामावरून सुटलो की येतो. कपाट खाली दिसलं, तर तू आणि कपाट दोघंही मुकाट्याने घरी.’’ बाई म्हणाल्या, ‘‘ठरलं.’’ म्हणजे बघा भावोजी, आम्ही नुसतं लाकूड उचलत नव्हतो. एका बाईचं उरलेलं सगळं आयुष्य कुणी ‘हळू, हळू’ न म्हणता जायचं की नाही, ते त्या कपाटात होतं.

सुरुवात जडत्वाने झाली. रस्त्यात कुत्रं आडवं आलं, काकांनी ब्रेक मारला, टेम्पो थांबला, पण आतलं कपाट चालतच राहिलं आणि कपाट व टेम्पोची भिंत यांच्या मधोमध मी होतो. अशा वेळी दुसरा कुणी ओरडला असता. मी फक्त ‘पहिला नियम!’ एवढंच म्हणालो. काकांना वाटलं कुणी देवाचं नाव घेतोय.

मग जिना. जिना म्हणजे काय, भिंतींनी घाईघाईत सोडलेली फट. तरी मी काकांना म्हटलं, घाबरू नका, आपला शत्रू वजन नव्हे, आपला शत्रू घर्षण. शत्रू एकदा कळला की अर्धी लढाई जिंकली. मी शिंप्याकडून कपडे धुण्याचा साबण आणला आणि पायऱ्यांना चोळला. घर्षण कमी झालं, यात शंकाच नको. पण भावोजी, तुम्ही एक गोष्ट शिकवायची राहून गेली, की कपाटाखालचं घर्षण गेलं की आपल्या पायांखालचंही जातं. वळणापर्यंत कपाट लोण्यासारखं गेलं, तिथून आम्ही तिघे, म्हणजे मी, काका आणि कपाट, लोण्यासारखेच परत आलो. खाली पोचल्यावर मी भिंतीवर आदळलो आणि भिंत तेवढ्याच जोराने माझ्यावर. तिसऱ्या नियमात भिंतीला काही इजा होत नाही हेही पुस्तकात नाही, लिहून ठेवा.

नर्सबाईंनी माझं कोपर बघितलं, दुखतंय का असं न विचारता दाबून बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘मोडलं नाही. पुढे बोल.’’ मला बाई तिथेच आवडल्या.

पुढे बोललो. गच्चीवर पाण्याची टाकी चढवण्यासाठी बसवलेली एक लोखंडी तुळई बाहेर आलेली होती. काकांकडे दोन कप्प्या आणि दोर होता. एक कप्पी तुळईला, दुसरी कपाटाला, दोराचं एक टोक वर बांधायचं, तो कपाटाच्या कप्पीतून फिरवून पुन्हा वर, तिथून खाली आपल्या हातात. म्हणजे निम्म्या जोरात काम. (तुमच्या फळ्यावर हीच आकृती होती. त्या वेळी मी बाकावर तुमचं चित्र काढत होतो, पण कानाने ऐकत होतो.) कपाटाची दारं काढून खाली ठेवली, वजन आणखी घटलं. काका पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघत होते. बाईंनी वरून विचारलं, ‘‘खिडकीतून मावेल का रे?’’ मी कपाटाची रुंदी मापली: सहा विती. त्यांना म्हटलं, तुम्ही खिडकी मापा. त्यांनी मापली: सात विती. ‘‘एक वीत शिल्लक!’’ मी ओरडलो. शिंप्याच्या गळ्यात टेप लोंबत होती आणि तो ती काढून देतही होता, पण इतका सोपा हिशेब असताना कशाला त्याची शिलाई अडवा?

दोर निसटू नये म्हणून त्याचं टोक मी माझ्या कमरेला बांधलं, गाठीवर गाठ. काका म्हणाले, खांबाला बांध. मी म्हटलं, काका, खांबाला विचार करता येत नाही. आणि ओढलं, हातात येईल तेवढा दोर कमरेभोवती गुंडाळत. भावोजी, तुम्ही हवे होतात! कपाट असं वर गेलं, असं गेलं, की समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर खिडकीसमोर आलं. कप्पे आतल्या बाजूला, अगदी बाईंच्या हाताशी. काकांना दुसरी वर्दी होती. ‘‘आता काय, नुसतं आत ओढायचं,’’ म्हणाले आणि टेम्पो घेऊन गेले.

(अक्षर इथून बदललेलं दिसेल. मी उठून उभा राहिलो आहे. का, ते ओघाने येईलच.)

नुसतं आत ओढताना असं लक्षात आलं की कपाट खिडकीपेक्षा चार बोटं रुंद आहे. मी माझ्या वितीकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्या वितीकडे पाहिलं. त्यांचा हात, भावोजी, लहान मुलासारखा आहे. इंजेक्शन न दुखण्याचं कारण तेच असणार. मोजमाप आणि एककं हा पुस्तकातला पहिलाच धडा, आणि तो मी दर वर्षी सोडून द्यायचो, कारण त्यात चित्रं नव्हती. पण धड्याची चूक निघते तिथे धड्याच्या लेखकानेही विचार करायला हवा, एवढंच म्हणतो.

तिरकं करून घालावं हे तुमच्या मनात येईल. आमच्याही आलं. बाईंनी वरून काठीने एक ढोसणी दिली, आणि टांगलेल्या वस्तूला ढोसलं की जे होतं ते झालं: लंबक. कपाट गेलं, आलं, गेलं, आणि जाताना खिडकीलगत उंचावर लावलेली शिंप्याची पाटी घेऊन गेलं. फार सुंदर, संथ, एका लयीत. शिंपी सोडून सगळ्यांनी पाहिलं. थांबल्यावर बाईंनी हुकूम सोडला की आता त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि खाली तर एक बोटभरही आणायचं नाही. ‘‘खाली आलं की मी हरले,’’ म्हणाल्या. ते खरंच होतं.

तेव्हापासून कपाट वर आहे आणि मी खाली. दोर जिथे संपतो तिथे मी सुरू होतो. खांबाला बांधायला मध्ये वीतभरही उरलेला नाही (कुणाचीही वीत घ्या). मी जमिनीवर आहे तोवर कपाट तिथल्या तिथे राहतं. यालाच तुम्ही समतोल म्हणता, आणि तो मी भर रस्त्यात सिद्ध करून दाखवलेला आहे. माणसं जमली आहेत. प्रत्येकाकडे सल्ला आहे, पण दोर धरायला कुणी पुढे येत नाही, आणि सल्ल्याला वजन नसतं. शिंप्याला विचारलं तर म्हणतो, ‘‘मी धरला तर मीच वर जाईन, आणि आधी माझ्या पाटीचं बोला.’’ शिवाय तुमच्या शास्त्राचा एक अन्याय इथे बसल्याबसल्या उमगला. बळ लावलं पण वस्तू हलली नाही, तर कार्य शून्य. म्हणजे मी दुपारपासून घाम गाळतो आहे आणि नियमाप्रमाणे मी काहीच केलेलं नाही! ताईचंही माझ्याबद्दल हेच मत आहे, पण तिला निदान शास्त्राचा आधार नव्हता. कृपा करून तिला हा नियम सांगू नका.

एकूण काम जवळजवळ झालं आहे आणि काळजीचं कारण नाही. लाँड्रीवाला सायकल घेऊन तुमच्या शाळेवरूनच जाणार आहे, तो हे पत्र देईल. तो मघापासून ‘झालं का?’ म्हणतो आहे, पण घाईत लिहिलेल्या पत्राला काय अर्थ?

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
मेव्हणा

ता. क. लिहायचं मुख्य ते राहूनच गेलं. तुमच्या शाळेचा सुतार पाठवता येईल का? खिडकीची चौकट काढली की लागणारी चार बोटं मिळतात. पाठवा म्हणजे आज पाठवा. तुमचा तास चालू असेल तर तास सोडून पाठवा.

ता. क. २. मघाशी उभा का राहिलो ते सांगतो. नर्सबाई बसून राहणाऱ्यांतल्या नाहीत. कप्पे हाताशी आहेत म्हटल्यावर त्यांनी ट्रंक उघडून कपाट लावायला घेतलं. चादरी, उशांचे अभ्रे, घडी केलेले पांढरे गणवेश, आणि कसली तरी जाडजूड पुस्तकं. एकेक वस्तू आत जाते तसा दोर मला वर बोलावतो. ‘बाई, पुरे!’ असं ओरडलो, तर म्हणाल्या, ‘‘बाळा, दोनच कप्पे राहिलेत.’’ आता मी चवड्यांवर आहे. कपाट अर्धा फूट खाली आलं तर मी एक फूट वर जातो. बळात वाचतं ते अंतरात द्यावं लागतं, हे मला चांगलं पाठ आहे, काळजी नसावी. सुताराबरोबर वर्गातली दोन धट्टीकट्टी मुलंही पाठवा.

ता. क. ३. शेवटचा कप्पा लागला. पाय जमिनीवर नाहीत. हे मी शिंप्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहितो आहे, तो स्टुलावर उभा आहे आणि पाटीबद्दल बोलतो आहे. बाईंचे चिरंजीव आले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग वर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आई, कपाट बाहेरच आहे.’’ बाई खिडकीत उभ्या राहून गणवेशाची शेवटची घडी बसवत म्हणाल्या, ‘‘कपाट असेल बाहेर. मी आत आहे ना?’’ ते तोंड उघडून काहीतरी बोलणार होते, एवढ्यात कपाट करकरलं, खाली सरकलं, मी वर निघालो, आणि त्या माणसाने धावत येऊन माझे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरले. अजून धरून आहेत. वजनदार गृहस्थ आहेत, कपाट पुन्हा जागेवर गेलं. वरून बाई म्हणताहेत, ‘‘हळू रे, हळू!’’ तेव्हा सुतार घेऊन सावकाश या, भावोजी. आम्ही दोघं आहोत इथे.