मातीचा श्वास आणि माझं बीपी

६ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की कामाला येते.
माझा विषय: उन्हाळ्यात कोरड्या जंगलातली माती किती श्वास सोडते. मातीतले जंतू आणि मुळं कार्बन डायऑक्साइड सोडतात. जमिनीवर डबा उपडा घालायचा, यंत्रात आकडा बघायचा. डोकं लागतं, ते आहे. मार्चअखेरपर्यंत धड आकडे नाही मिळाले तर पीएचडीची नोंदणी रद्द, असं मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, बजावलंय. सासऱ्यांनी त्यांच्या गाद्यांच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणूनही ठेवलीय. मेलो तरी तिच्यावर बसणार नाही.

९ फेब्रुवारी
डब्याच्या कडेचं रबर फाटलंय. नवीन पेटीत आहे. उद्या बसवतो.
आकडे जवळपास शून्य. झाडांवर पान नाही, मातीची वीट झालेली. एवढ्या लांब आलेल्या माणसाची मातीने थोडी तरी कदर करावी.

१४ फेब्रुवारी
बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, रोज दीर्घश्वसन करा. घरी वेळ कुठला? पण प्रत्येक मोजणीला डब्याशेजारी नुसतंच बसून राहावं लागतं. तेव्हा करायचं. वेळेचं नियोजन म्हणतात ते हे.

१५ फेब्रुवारी, दुपारी
आकडा चढला. पुन्हा मोजलं, पुन्हा चढला. डब्यावर ओणवा होऊन निरखून पाहिलं तर आणखीच चढला.
पाऊस येईपर्यंत अशी माती झोपलेली असते, असं पुस्तकांत आहे. लिहिणाऱ्यांनी बूड हलवून जंगलात यायला हवं होतं.
रबर राहिलं. अशा दिवशी रबर कुणाला सुचतं.

२२ फेब्रुवारी
अंगात कणकण. डबा ठेवून लांब झाडाखाली आडवा झालो. आकडे धाडकन खाली. यंत्राचा बिघाड. सगळे खोडले.

१ मार्च
पाय मुरगळला. बायकोला पाठवलं. बाईसाहेब डबा ठेवून लांब सावलीत कादंबरी वाचत बसल्या. सगळीकडे शून्य. विज्ञानाला निष्ठा लागते, असं मी तिला सुनावलं. त्यावर ती म्हणाली, तू त्या डब्याला इतका चिकटून का बसतोस ते आधी सांग. अडाणी प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय. तिचे आकडेही खोडले.

८ मार्च
मॅडमना ग्राफ पाठवला. दिवसेंदिवस चढता. इतकं कसं, म्हणाल्या. पोटदुखी, दुसरं काय. रबर बदललं का, असंही विचारलं. हो म्हणालो. उद्या बदलणारच आहे, तेव्हा हे काही खोटं नव्हे.

१७ मार्च
एका परिषदेत माझा पेपर स्वीकारला गेला. डब्याशेजारी बसून भाषणाची तालीम केली, आभारांसकट. आजवरचा सर्वांत मोठा आकडा. माती भारावली असावी.
सासऱ्यांना फोन केला. ती खुर्ची विकून टाका, म्हटलं. फार बरं वाटलं.

२६ मार्च
मॅडम स्वतः जंगलात आल्या. रबर पाहिलं. मला लांब जीपमध्ये बसायला सांगितलं. आकडा शून्याला टेकला. मग बोलावून म्हणाल्या, रोज करतोस तसं कर. बसलो. दीर्घश्वसन केलं. स्क्रीनवरची रेघ उठली ती चढतच गेली. जरा श्वास धर, म्हणाल्या. धरला. रेघ आडवी.
इतके दिवस तू मातीचा नाही, फाटक्या रबरातून आत जाणारा स्वतःचाच श्वास मोजलास, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे यंत्र तर उत्तम आहे. त्या हसल्या नाहीत.
मग शून्याचे आकडे कधी आले होते का, असं त्यांनी विचारलं. आले होते, खोडले, असं सांगितलं. तेवढेच कामाचे होते, म्हणाल्या आणि जीपकडे निघाल्या. मला रडू येत होतं. धुळीमुळे असेल.

२७ मार्च
रबर बसवलं. दोन मिनिटांचं काम.

२ एप्रिल
नोंदणी रद्द झाली.
बीपी तपासलं. एकदम नॉर्मल. चला, एक तरी प्रयोग यशस्वी झाला, असं बायको म्हणाली. चिडायला हवं होतं, पण जमलं नाही.
संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. सोमवारपासून या, म्हणाले. खुर्ची मात्र मी विका म्हटलं त्याच दिवशी विकली होती. स्टूल आहे, चालेल का, असं विचारलं.
चालेल म्हटलं.