तुमच्या नावाच्या टाकीतला मासा

अण्णा,

माझ्या हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला मधे बोलायला जागा राहणार नाही. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच अशी आठ मिलिमीटर काचेची टाकी. तिच्या कडा मी स्वतः घासल्या, सिलिकॉनची रेघ ओढली, आणि ती रेघ कुठेही फुगलेली नाही. लोखंडी अँगलचं स्टँड. वेल्डिंग माझं, रंगही माझा. वरचं सागवानी झाकण, बिजागऱ्यांसकट. कोपऱ्यातला फिल्टर बाजारातून आणलेला नाही, स्पंज आणि पाइप कापून मी बसवला आहे. आतले दगड इथल्याच टेकडीवरचे. प्रत्येकावर व्हिनेगर टाकून पाहिलं आणि ज्यावर फेस आला नाही तेच घेतले, कारण झाशीचं पाणी मुळातच जड, त्यात आणखी चुना विरघळायला नको. वाळू बेतवा नदीची, बादलीतलं पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. ही टाकी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ठेवली आहे. मी तिचे पैसे घेतलेले नाहीत. आणि ती तुमच्या नावाची आहे.

तुम्ही गेलात त्याला दोन तपं होऊन गेली, तरी मंडळात तुमचं नाव निघालं की लोक अजून सावरून बसतात. हॉलला नवा रंग दिला तेव्हा कमिटीने ठरवलं की जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणीला एकेक वस्तू ठेवायची. कुणाच्या नावाचं कपाट, कुणाच्या नावाचा पंखा. तुमच्या नावाला फिशटँक, कारण तुमचा धाकटा मुलगा तेच करतो. हे सुचवलं ते तुमच्या ठेकेदाराने. रेल्वे वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागलेला पोरगा आठवतो ना, ज्याच्या मराठीला तुम्ही हसायचात? तो आता ठेके घेतो, मंडळाचा खजिनदार आहे, आणि तुमचं नाव काढलं की अजून कानाला हात लावतो. त्याची मराठी सुधारलेली नाही.

टाकीत रासबोरा सोडायचे हे आधीच ठरलं होतं, दहा-बारा मासे, बोटभर लांबीचे, थव्याने फिरणारे. खाली वाळूत तोंड खुपसून फिरणारे कोरी. ही सगळी गरीब जात. आता मधोमध नजर ठरेल असा एक मोठा मासा हवा होता, आणि त्यावरून मीटिंगमध्ये गाडी अडली.

"फ्लावरहॉर्न डालो, भैया," ठेकेदार म्हणाला. "माथ्यावर एवढं मोठं टेंगूळ. लाल भडक. साहेब म्हणजे शेर होते शेर. त्यांच्या नावाला शेरच पाहिजे."

"तो बाकीच्यांना खाईल," मी म्हटलं.

"खायेगा तो खायेगा. शेर काय भाजी खातो?"

सगळे हसले. मग एक काकू म्हणाल्या की एंजल ठेवा, दिसायला देवघरातल्या समईसारखा. मी सांगितलं की एंजल लहानपणी समई असतो, मोठा झाला की रासबोरांमागे लागतो. फायटर ठेवा, कुणीतरी म्हणालं. मी सांगितलं की त्याचं नावच फायटर आहे. निळा रॅम सुंदर, पण त्याला मऊ पाणी लागतं, आपल्या बोअरच्या पाण्यात तो झुरून मरतो. बुटका गुरामी स्वस्त आणि रंगीत, पण नर एक कोपरा धरतो आणि तिथे कुणाला येऊ देत नाही. एकेक मासा मी असा बाद केला. टाकीत पाणी किती मावतं, मेमध्ये हॉलमधलं पाणी किती तापतं, कुणाला किती जागा लागते, सगळं सांगितलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण फ्लावरहॉर्नला नाही म्हणण्याचं माझं खरं कारण यातलं एकही नव्हतं, आणि ते मी त्या हॉलमध्ये उच्चारलं नाही. ते तुम्हाला सांगायचं आहे.

क्वार्टरच्या दोन खोल्या. आई, आम्ही तीन भावंडं आणि तुम्ही. बाहेर सायकलचं स्टँड लागल्याचा आवाज येतो आणि आत सगळे आपापल्या जागी जातात. दादा पुस्तकात, ताई भांड्यांशी, मी दाराआड. कुणी कुणाला सांगत नाही, पण मधली जागा मोकळी होते. तुम्ही हात धुऊन पाटावर बसता. तुमचं जेवण होईपर्यंत घरात दुसरं ताट मांडलं जात नाही. आई पोळी लाटते, शेकते, तुमच्या ताटात टाकते आणि तुमच्या तोंडाकडे बघते, मीठ बरोबर आहे का ते चेहऱ्यावरून कळावं म्हणून. एका रविवारी दुपारी ताईला भूक आवरली नाही. तिने तुमच्या आधी एक पोळी उचलली, तीही उभ्याउभ्या, नुसत्या गुळाशी. तुम्ही ओरडला नाहीत, हातही उगारला नाहीत. ताट पुढे सरकवलं, उठलात आणि मंडळात नाटकाच्या तालमीला निघून गेलात. त्यानंतर आईने कुणालाच वाढलं नाही. पोळ्या डब्यात, आमटी चुलीवर, आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून. ताई रडून रडून झोपली. संध्याकाळी तुम्ही आलात ते गुणगुणत आलात, आणि म्हणालात, "मी जेवून आलोय. तुम्ही बसलात का नाही?"

तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का, हे मला अजून कळलेलं नाही. आता तर विचारायलाही जागा नाही.

आणि गंमत अशी की मंडळातली माणसं जे सांगतात तेही खरं आहे. गणपतीच्या पंगतीत तुम्ही धोतर खोचून वाढायला उभे राहायचात. त्या खलाशी पोराच्या पानात दोनदा श्रीखंड घालायचात. सगळे उठल्यावर, गार झालेली पुरी घेऊन तुम्ही शेवटी बसायचात. ते मीही पाहिलं आहे. त्या ठेकेदाराने तुम्हाला तिथेच पाहिलं, म्हणून तो तुमच्यासाठी जीव टाकतो. त्याचं काही चुकत नाही. पण पंगतीत वाढणारा तो माणूस आमच्या दोन खोल्यांत कधी का आला नाही, हे मी विचारणार. तुम्ही नसलात तरी विचारणार.

वर्कशॉपच्या फाटकाशी तुम्ही काय बोललात तेही अजून कानात आहे. अप्रेंटिसची परीक्षा मी दिली नाही म्हणून चार माणसांत तुम्ही म्हणालात, "याला काच चिकटवायची आहे. पानाच्या टपऱ्यांना काचा लावील आणि चुना खाईल." माणसं हसली. तुम्ही गोष्ट रंगवून सांगत होतात, हसणारच. काचकाम मला कुणी शिकवलेलं नाही. कापताना तळहात फाटले, पहिल्या तीन टाक्या गळाल्या, एक तर आईच्या तांदळाच्या डब्यांवर रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी फळीवर वर्कशॉपची एक फुटी स्टीलची पट्टी होती. "हरवू नको," एवढंच म्हणालात, तेही पाठमोरे. ती पट्टी मी आजही वापरतो. तिच्यावरच्या खुणा अजून स्पष्ट आहेत, ती वाकलेली नाही, म्हणून वापरतो. तुमची आहे म्हणून नव्हे. हे लिहून ठेवलेलं बरं.

शेवटी मी मोती गुरामी निवडला. आमच्या धंद्यात पर्ल गुरामी म्हणतात. बोटाच्या दुप्पट लांब, अंगभर मोत्यांचे ठिपके, नराच्या छातीवर शेंदरी झाक. पोटाखाली त्याला दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात आणि तो त्यांनी सगळ्याला हात लावून बघतो, दगडाला, वनस्पतीला, शेजारच्या माशाला. चावत नाही, नुसता चाचपतो आणि पुढे जातो. पण मासा दुकानात रंग बघून घ्यायचा नसतो, ही माझी रीत आहे. घरच्या टाकीत रासबोरांबरोबर सोडायचा आणि खायला घालताना बघायचं. सगळे आपापलं फिरत असतात तेव्हा कुठलाही मासा सज्जनच दिसतो. त्याचा खरा स्वभाव दाणे पाण्यावर पडले की कळतो.

आई त्या दिवसांत खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची. तिला आता कमी दिसतं, पण काचेला नाक लावलं की दिसतं. आधी बुटका गुरामी सोडून पाहिला होता तेव्हा ती म्हणाली, "हा बघ कसा हाकलतो. ती छोटी बघ, त्या कोपऱ्यात जाऊन उभी." मग मी मोती गुरामी सोडला. दाणे टाकले. रासबोरा तुटून पडले. तो खालून वर आला, थांबला, त्या गर्दीखाली तरंगत राहिला, आणि त्यांचं झाल्यावर उरलेले दोन-चार दाणे त्याने हळूच टिपले. आईने ते दोन-तीन दिवस पाहिलं. मग मला विचारलं, "मोठा आहे ना रे तो? मग आधी का नाही खात?"

मी म्हटलं, "त्याची पद्धत नाही ती."

तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. "आजारी तर नाही ना?" म्हणाली. "बघ जरा." दुसऱ्या दिवशीही तेच. माशाची तिला खरोखर काळजी वाटत होती. मोठं कुणीतरी मागे थांबतं आणि लहानांचं आधी होतं, हे तिच्या इतक्या वर्षांच्या घरात बसत नव्हतं, अण्णा. म्हणून तोच मासा मंडळात गेला. तुमच्या नावाच्या टाकीत. मी तुमचा अपमान केला असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. पंगतीतले तुम्ही होतात तसाच आहे तो. घरातले तुम्ही होतात तसा मासा मी माझ्या हाताने त्या पाण्यात सोडणार नव्हतो, कारण दर मंगळवारी भजनाला आई त्याच्यासमोर बसते.

ठेकेदाराने मीटिंगमध्ये ऐकून घेतलं, पण त्याला चैन पडलं नाही. परवा तो लक्ष्मी गेटला माझ्या दुकानात आला. चहा घेतला. म्हणाला, "भैया, तुमची बात बरोबर. छोट्या टाकीत शेर नाही राहत. तर मग टाकीच मोठी करू. सहा फुटी बनवा. आरोवाना डालो, एकटा, रुबाबात फिरेल. पीतलची पाटी, साहेबांचं पूरं नाव. ते छोटे मासे दुसरीकडे देऊन टाका."

माझी सगळी कारणं त्याने एका दमात संपवली. जागा होती, पाणी होतं, खायला समोर लहान मासे नव्हते. आरोवाना हा हातभर लांब वाढणारा शिकारी मासा, त्याला एकटंच राहायचं असतं. जाणकार म्हणून नाही म्हणायला माझ्याजवळ एक अक्षर उरलं नाही. मी म्हटलं, "मी बनवणार नाही."

"क्यों?"

"बनवणार नाही."

तो हसून उठला. "आखिर बेटा किसके हो," म्हणाला. "साहेब पण असेच. एकदा ना म्हणजे ना." मला ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही हे त्याला दिसू दिलं नाही. दुसऱ्या कुणाकडून बनवून घ्यायचं तर त्याने खुशाल घ्यावं. मी आहे तोवर हॉलमधली ती जागा रिकामी होणार नाही, हेही सांगून टाकलं.

हे कागद मी दुकानातच ठेवणार आहे, घरी नेणार नाही. काय नाकारलं ते मी घरात अजून बोललेलो नाही, बायकोला नाही, आईला तर नाहीच. छपराचं काम दोन पावसाळे अडलेलं आहे आणि आकडा ऐकल्यावर तिथे कुणी मला शाबासकी देणार नाही. तुम्हाला मात्र सांगतो, सांगावंसं वाटलं: सहा फुटी टाकी, आरोवाना, तुमच्या पूर्ण नावाची पितळी पाटी आणि वर पाच वर्षांच्या देखभालीचं काम, या सगळ्याचे मिळून ठेकेदार मला देणार होता एक लाख सत्तर हजार रुपये.