सीडीवरचं अक्षर

५ नोव्हेंबर २००६
निखिल आज बंगलोरला परत गेला. जाण्याआधी कंप्युटर पूर्ण पुसून दिला, व्हायरस होता म्हणे. फोटोंचं काय, विचारलं. "सब सीडी में है, आई. पक्का." माझं मराठी, त्याचं हिंदी. ह्यांच्या बदल्यांत वाढलेलं पोर.

१२ नोव्हें.
पुढच्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला फोटो मोठा करून घ्यायचाय. जाऊबाई फोनवर, "रिटायरमेंटचा लाव की, कोटातला." नको. त्यात हे ऑफिसचे आहेत. मला पिंजौरच्या बागेतला हवा. शेवटचा हिवाळा, मफलर निसटलेला, माझ्याकडे बघून हसतायत.
डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून एकही फोटो कागदावर काढला नाही. "कशाला? कंप्युटरवर आहेत ना," हेच म्हणायचे.
सीडी घातली. नुसती घरघरली.

१४ नोव्हें.
सेक्टर १७च्या बाजारात गेले. फोटोच्या दुकानातल्या सरदारजींनी सीडी ट्यूबलाइटसमोर धरली.
"बीबीजी, ये बॉलपेन से किसने लिखा?"
मी. जुन्या फोटोंच्या पाठीमागे लिहायची तसंच. गाव, साल, कोण कोण. शाळेत सिस्टरने बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं, पेन दाबून लिही.
"डेटा इसी तरफ होता है जी, ऊपर की पतली परत में. पेन से कट गई."
सीडी माझ्या हातात दिली. अक्षरांतून उजेड येत होता. ह्यांचं नाव मी दोनदा गिरवलं होतं.

१५ नोव्हें.
निखिलचा फोन. "मेरी गलती है, आई. फॉरमॅट करना ही नहीं चाहिए था." पेनचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण

२१ नोव्हें.
सीडी सरदारजींकडेच ठेवून आले होते. त्यांना त्यातून अकरा फोटो वाचवता आले. बहुतेक माझेच. कॅमेरा ह्यांच्याच हातात असायचा ना.
पिंजौरचा अर्धा निघाला. वर झाडं, कपाळ, चष्मा, डोळे. नाकाखाली सपाट करडा रंग.
"दिल्ली भेजें तो शायद पूरा निकले. पर डिस्क टूट भी सकती है. सोच लो." त्या अर्ध्याचाच प्रिंट आणि सीडी घेऊन घरी आले.

२४ नोव्हें.
निखिलला सांगितलं एकदाचं. तो म्हणाला, "और मैं दस दिन से खुद को कोस रहा हूँ. तू भी ना." दिल्लीचं सांगितल्यावर, "भेज दे दिल्ली."
पाकीट तयार आहे. पत्ता घातला, चिकटवलं नाही. सीडी तुटली तर उरलेलं सगळंच गेलं.
सकाळपासून प्रिंट समोर ठेवून बसलेय. डोळे हसतायत, ते स्पष्ट दिसतं. करड्या भागात ओठ बसवून बघते. दात दिसत होते का? की ओठ मिटूनच हसले होते? कधी हे हसू वाटतं खरं, कधी ते. चौतीस वर्षं समोरासमोर बसून जेवलो.