टेकडीसाठी मोठा टर्बो

३ मार्च, सोमवार
मुलगी दुकानात आली. तिच्या कॉफीच्या ट्रेलरला टेकडीवरच्या बागेबाहेर जागा मिळाली आहे. अट एकच. शनिवारी, २२ तारखेला सकाळी दहाच्या आत ट्रेलर तिथं उभा दिसला पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. म्हणाली, बाबा, तुझी जीप ओढेल का? नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला सांगते. मी म्हणालो, बापाची फोर-व्हील-ड्राइव्ह दारात असताना ट्रॅक्टर? लोक काय म्हणतील? म्हणाली, लोक कॉफी मागतील.
संकल्प: जीपचं इंजिन अपग्रेड करणे.

५ मार्च
गॅरेज. मिस्त्री जीपखाली झोपला होता. म्हणालो, ताकद हवी. खालूनच म्हणाला, शेठ, पळवायचीय की ओढायचीय? दोन्ही, मी म्हणालो. म्हणाला, ओढायला कमी आरपीएमला जोर लागतो. टर्बो आहे तोच राहू द्या. आधी नवा रेडिएटर आणि दणकट क्लच टाका, मग ट्यूनिंगचं बघू.
रेडिएटर आणि क्लच! म्हणजे लग्नाला निघायचं आणि नवा बनियन घ्यायचा. माणूस प्रामाणिक आहे, पण झेप नाही.

७ मार्च, दुपार
दुकानात शुकशुकाट. इंजिनांचे व्हिडिओ बघितले. चार तास. ठरलं. मोठा टर्बो, इंटरकूलर, रुंद एक्झॉस्ट.
मध्येच एक गिऱ्हाइक आलं. गरज तीन हॉर्सपॉवरची, हट्ट साडेसातच्या पंपाचा. अर्धा तास समजावलं. अहो, ताकद गरजेपुरती घ्यावी, नाहीतर पाइप फुटतो. पटलं बिचाऱ्याला. तीनचा घेऊन गेला. मग राहिलेला व्हिडिओ पुढं लावला.

११ मार्च
बायकोला टॉर्क समजावून सांगितला. तिनं भाजी निवडत सगळं ऐकलं आणि विचारलं, मग मिस्त्री म्हणतो तेच का करत नाही?
तिला टेक्निकल विषयात गोडी नाही.

१५ मार्च, शनिवार
जीप आली! काय तो आवाज! मिस्त्री म्हणाला, शेठ, क्लच जुनाच आहे, ट्रेलर लावून एकदा ट्रायल घ्या. मी हायवेवर घेतली, ट्रेलरशिवाय. शंभरला पाण्यासारखी.
चौथ्या गिअरमध्ये एकदा इंजिनचा आवाज चढला, वेग मात्र होता तेवढाच. तीस वर्षं पंपांचे आवाज ऐकलेत, नुसत्या कानानं बेअरिंग ओळखतो. कानाला लगेच कळलं, क्लच घसरतोय. मनाला म्हटलं, नवा टर्बो आहे, रुळेल.

१८ मार्च, मंगळवार
दुपारी मुलीचा फोन. ट्रेलर लावून एकदा चढून बघूया का? म्हणालो, उगाच टायर कशाला झिजवायचे? म्हणाली, बाबा, ही जागा गेली तर मला परत तुझ्या काउंटरवर बसावं लागेल. मी म्हणालो, मग त्यात वाईट काय आहे?
फोन तिनं ठेवला. हे बोलायला नको होतं.
संकल्प: कमी बोलणे.

२२ मार्च, सकाळी ७.३०
इस्त्रीचा शर्ट. जीप चकाचक, ट्रेलर जोडलेला. बायको म्हणते, मी लेकीच्या स्कूटरवरून येते. जीपमध्ये तीन सीट रिकाम्या असताना! असो. निघालो.

त्याच दिवशी, दुपार
पहिलं वळण चढलो. सावकाश. वेग आल्याशिवाय मोठा टर्बो जागा होत नाही आणि मागे ट्रेलर असल्यावर वेग येत नाही, हे त्या व्हिडिओंत कुणी सांगितलं नव्हतं. (मिस्त्रीनं सांगितलं होतं.) दुसऱ्या वळणावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. मग जळका वास. म्हटलं, कुणीतरी कचरा जाळतंय. मुलगी स्कूटरवरून ओरडली, बाबा, धूर तुझ्याच खालून येतोय!
क्लच जळाला. साडेनऊ वाजले होते. मी मिस्त्रीचा नंबर शोधत होतो, तेवढ्यात मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलून मोकळीही झाली. पाच मिनिटांत खालून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरला विचारलं, तुम्हाला कधी सांगितलं होतं? म्हणाला, मंगळवारी संध्याकाळी, काका. ताई म्हणाल्या, खालीच थांबा, बाबांना दिसू नका, वाईट वाटेल त्यांना.
त्याचं इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे. विचारून घेतलं.
ट्रेलर ट्रॅक्टरला जोडला आणि मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वर पोचलो. दहाला सात मिनिटं कमी. तपासायला आलेल्या साहेबांनी फॉर्म पुढं केला. ‘ओढणारं वाहन’ या रकान्यात मुलीनं ट्रॅक्टर लिहिलं. ‘सोबत आलेल्या व्यक्ती’ यात लिहिलं, आई आणि बाबा. मग पहिला कप मला दिला. मी म्हणालो, काउंटरचं बोललो ते चुकलं. ती म्हणाली, साखर घाल आणि बाजूला हो, रांग लागलीय.

२३ मार्च
ट्रॅक्टरमागे बांधून जीप गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रीनं काही न विचारता वहीत लिहून घेतलं: रेडिएटर, क्लच.
उतारावर मात्र गाडी अप्रतिम चालली, हे नोंदवून ठेवतो. धूर नाही, थरथर नाही, आवाज तर अजिबात नाही. इंजिन बंद होतं.