सांडलेले रक्त अर्जदाराच्याच पोटातले

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, गव्हाणवाडी, ता. सेनगाव, जि. हिंगोली

अर्जदार : ज्ञानबा मारोती गडदे, धंदा मेंढपाळी, सध्या सरकारी दवाखाना, खाट क्र. ९

विषय : सांडलेले रक्त भावाच्या काठीने निघालेले नसल्याबाबत.

संदर्भ : धाकटा भाऊ प्रभू याच्यावरील खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, दि. २ डिसेंबर २०२५.

महोदय,

अर्जदाराचे गुडघे दोन वर्षांपासून कामातून गेले असून तो दुखण्याच्या गोळ्यांवर मेंढरांमागे फिरतो. गोळ्यांनी पोट जळते म्हणून तो आरोग्य शिबिरात गेला. तेथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवळ्यात अँटिऑक्सिडंट असतात, त्यांच्यामुळे उंदरांचे जठर गोळ्यांपासून वाचलेले दिसले आहे. इतक्यात मेंढरे कोणाच्या तरी तुरीत घुसली आणि अर्जदार उठून पळाला. "माणसांबाबत खात्री नाही, गोळ्या कमीच करा," हे पुढचे त्याने तेव्हा ऐकलेच नाही, ते आज दवाखान्यात त्याच बाईंकडून कळले. थोराड एडक्याला औषध जास्त पाजायचे, हा मेंढरांचा हिशेब त्याने स्वतःला लावला आणि आवळ्याच्या भरवशावर दिवसाला आठ गोळ्या गिळू लागला.

परवा प्रभूने गोळ्यांचा डबा हिसकावला. "दादा, काहून पोट जाळून घेऊन राहिला? न्हाई देत, जा!" म्हणाला. अर्जदाराचे टाळके फिरले. साहेब, पहिली काठी अर्जदाराची. ती प्रभूच्या कमरेत बसली. दुसरीही तिथेच बसली. तिसरीला त्याने काठी धरली आणि उलटून अर्जदाराच्या खांद्यावर हाणली. त्याच वेळी अर्जदाराला रक्ताची उलटी झाली. काळेलाल रक्त भडाभडा प्रभूच्या सदऱ्यावर, मेंढरांच्या लोकरीवर सांडले. लोक ओरडले, "भावानं भाऊ मारला!" आणि प्रभूलाच लाथाबुक्क्यांनी तुडवून आपल्या हवाली केले. अर्जदाराच्या तोंडात रक्त होते, त्याला बोलता आले नाही.

आज दुर्बिणीच्या तपासात जठराला जखम निघाली. ती काठीची नव्हे, गोळ्यांची. तरी प्रभूला सोडावे.

याहून निकडीचे असे की, काल शुद्धीवर येताच प्रभूला कमरेमुळे उठवत नाही असे कळले. अर्जदाराला राहवले नाही. त्याने पत्नी सत्यभामाबाई हिच्या हाती, भाकरीखाली लपवून, घरी उरलेल्या गोळ्या व आवळ्याची पुडी कोठडीत धाडली. निरोप दिला, "आठ घे. आवळ्यासंगं काही व्हत न्हाई." तपासाचा निकाल तेव्हा आला नव्हता.

साहेब, प्रभूने उभ्या जन्मात थोरल्याचा शब्द एकदाच मोडला, तो परवा. त्याबद्दल त्याने मार खाल्ला. आता तो मोडणार नाही. कृपया हा कागद इथेच ठेवावा आणि आधी कोठडीत जावे.

आपला अपराधी,
ज्ञानबा मारोती गडदे (डाव्या हाताचा अंगठा)
दि. ४ डिसेंबर २०२५

सोबत : दुर्बीण तपासणीचा दाखला, गोळ्यांचे रिकामे पाकीट.