व्हिडिओत बूट दिसत नाहीत

बाळ्या,

उठल्यावर काळे बूट शोधत बसू नकोस, ते मी घालून गेलोय. तुझी आजची मुलाखत व्हिडिओवर आहे आणि त्यात पाय दिसत नाहीत, हे तूच सांगितलंस. तरी पँट घाल. मध्येच उठायला लागलं तर शोभा होईल.

बेलचे सेल काढून ठेवलेत. वरच्या सुताराला बारापर्यंत ठोकाठोक करू नको म्हणून सांगितलंय. कुरकुरत का होईना, कबूल झालाय. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस. परवा नुसता काळा ठिपका दिसत होतास.

आता खरं सांगतो. आठवडाभर मी तीन खुर्च्यांवर आळीपाळीने बसून तुझी मुलाखत घेतली ना? पहिला साहेब गोड बोलायचा, दुसरा आईचा चष्मा लावून खेकसायचा आणि तिसरा मान खाली घालून नुसता लिहायचा. तो तिसरा तुझे मार्क मांडत नव्हता, माझा अर्ज लिहीत होता. आपली प्रेस बंद पडल्यापासून पहिल्यांदाच बोलावणं आलंय. तिथे प्रश्न विचारत नाहीत, थेट छपाईच्या मशीनपुढे उभं करतात. बरंच आहे, माझे हात माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा चष्मा फ्रिजवर आहे.

बूट मला जरा ढिले होतात, पुढे कागद कोंबलाय. संध्याकाळी पुसून परत देईन. सोमवारपासून मला रोजच लागले, तर मात्र तुला नवे घ्यावे लागतील.

बाबा